पट्टी उतरवताना

कोजागरीच्या कार्यक्रमाचा तो व्हिडिओ समुपदेशनासाठी आलेल्या एका महिलेने माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि नेमका एका जागी आणून थांबवला. सोसायटीच्या गच्चीवर त्या कराओकेवर एक जुने भावगीत गात होत्या, दुसऱ्या अंतऱ्याची वरची ओळ सुरू झाली होती, आणि मोबाइल धरणाऱ्याच्या शेजारून एक दबका आवाज आला, ‘गेली पट्टी,’ म्हणजे सूर सुटला. त्यावर कुणीतरी हसले. गाणे संपल्यावर त्याच बाजूने टाळ्याही ऐकू येत होत्या.

“तीन वर्षं मी प्रत्येक गाण्यानंतर विचारतेय, कसं झालं म्हणून. सगळे छानच म्हणतात. मग सगळे खोटं बोलत होते का, मॅडम?”

त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे. त्यांना इथे ताई म्हणू. वय 54, नोकरी बँकेत, मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी. शाळेत असताना स्नेहसंमेलनात त्यांचे गाणे ठरलेले असे. पुढे संसार आणि नोकरीत गाणे मागे पडले, आणि पन्नाशीत एका वाढदिवसाला कराओकेचा माइक भेट मिळाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. त्या व्हिडिओनंतर मात्र माइक माळ्यावर गेला होता आणि रात्रीची झोप उडाली होती. हौसेने गाणाऱ्या किती तरी माणसांनी हीच काळजी माझ्यासमोर मांडलेली आहे: मी खरोखर कसा गातो हे मला कोण सांगेल, आणि कुणी सांगितलेच तर ते मला पेलेल का?

पहिल्या भेटीत मी त्यांना गाण्याविषयी काही विचारले नाही. त्या लोकांचे मत कधी, कुठे आणि कोणत्या शब्दांत विचारतात, एवढेच विचारले. गाणे संपताच, श्वास अजून खाली बसलेला नसताना, माइक हातात असतानाच त्या समोरच्याकडे पाहून म्हणत, ‘कसं झालं?’ अशा क्षणी त्या चेहऱ्याकडे पाहून ‘दुसरा अंतरा बेसूर झाला’ असे म्हणण्यासाठी माणूस फार निष्ठुर तरी असावा लागतो किंवा तो गुरू तरी असावा लागतो. ‘कसं झालं?’ या दोन शब्दांत दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. एक गाण्याविषयीचा, आणि दुसरा, ‘मी गाणं तुम्हाला आवडतं ना, मी गात राहू ना?’ हा. लोक दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतात आणि ते मनापासून देतात. म्हणून ते खोटे बोलत होते, हे मला पटले नाही आणि मी तसे ताईंना सांगितले.

तिसऱ्या भेटीला मी त्यांच्या यजमानांना बोलावले. ते बराच वेळ संकोचून बसले होते. मग म्हणाले, “ही गाऊन आली की हिचा चेहरा उजळलेला असतो. तो मला मावळवायचा नसतो. आणि खरं सांगू का, मला गाण्यातलं कळतं तरी काय? काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही.” माझ्या मते या एका वाक्यात सगळी अडचण सांगून झाली. घरच्या माणसांजवळ माया असते, कानही बऱ्यापैकी असतो, पण जाणवलेले सांगायला शब्द नसतात.

जुन्या बैठकीत ही सोय आपोआप होत असे. जाणकार श्रोता गाणे संपेपर्यंत थांबत नाही. एखादी जागा सुंदर लागली की तिथेच ‘वा’ म्हणतो, समेवर मान हलवतो, आणि जिथे काही घडले नाही तिथे स्वस्थ बसतो. गायकाला त्या क्षणी कळते की कुठे पोहोचलो आणि कुठे नाही. शेवटी एकदम वाजणाऱ्या टाळ्या सौजन्याच्या असतात, त्यांतून गाण्याची एकही जागा कळत नाही. म्हणून मी सुचवले की यजमानांनी गाण्याचे शब्द लिहिलेला कागद आणि पेन्सिल घेऊन ऐकायला बसावे. जिथे ऐकताना सुख वाटले तिथे बरोबरची खूण करायची, जिथे लक्ष उडाले किंवा शब्द कळला नाही तिथे गोल काढायचा. अभिप्राय द्यायचा नाही, कागद द्यायचा. आणि ताईंनी तो त्याच रात्री पाहायचा नाही, दुसऱ्या दिवशी पाहायचा.

दुसरे काम त्यांचे एकटीचे होते. त्यांच्या फोनमध्ये आपल्याच गाण्यांची दोनशेच्या वर ध्वनिमुद्रणे होती आणि प्रत्येकावर कराओकेचा भरपूर घुमारा चढवलेला होता. घुमाऱ्यात सुरांच्या कडा विरघळतात आणि किंचित उतरलेला सूरही गोड भासतो. मी त्यांना ट्रॅक बंद करून, नुसता तानपुरा लावून, फोन दोन हात लांब ठेवून एकच कडवे म्हणायला सांगितले. ते ऐकून त्यांना रडू आले. “हा माझा आवाज नाहीच,” त्या म्हणाल्या. यातला निम्मा धक्का निराधार असतो, हे प्रत्येक हौशी गायकाला आधीच सांगायला हवे. आपण बोलतो-गातो तेव्हा आपला आवाज हवेतून कानावर येतो, तसाच कवटीच्या हाडांमधूनही आतल्या कानापर्यंत पोहोचतो, आणि हाडांमधून येणाऱ्या आवाजात खालच्या कंपनांचा भरणा जास्त असतो. ध्वनिमुद्रणात तो भाग नसल्यामुळे स्वतःचा आवाज पातळ आणि परका वाटतो. इतरांना तो नेहमीच तसा ऐकू येत आलेला असतो आणि त्यांना तो परका वाटत नाही. चार-आठ दिवस रोज ऐकले की हा परकेपणा ओसरतो, आणि मग खऱ्या चुका ऐकू येऊ लागतात.

सुराविषयी नेमके सांगू शकेल असे माणूस मात्र हवेच होते, आणि ते घरात सापडणार नव्हते. ताईंनी आधी एका नातेवाइकाला विचारून पाहिले होते. ते थोडेफार शिकलेले होते आणि त्यांनी ‘आता या वयात कशाला?’ असे उत्तर दिले होते. ताई त्याला प्रामाणिक मत समजून बसल्या होत्या. ज्या बोलण्यातून चुकीची जागा कळत नाही आणि पुढे काय करायचे हेही कळत नाही, ते कितीही कडू असले तरी त्याला मी प्रामाणिक मत मानत नाही. दोन आठवडे घुटमळून त्या जवळच राहणाऱ्या एका गाण्याच्या शिक्षिकेकडे गेल्या. बाईंनी त्यांच्याकडून दहा मिनिटे केवळ षड्ज, म्हणजे सा, लावून घेतला, मग खाली मंद्रात नेले, मग वर, आणि शेवटी म्हणाल्या, “आवाज सुरेल आहे. पण तुम्ही काळी पाचमध्ये का गाता? तुमची पट्टी काळी तीन आहे.”

पट्टी म्हणजे गायक आपला सा ज्या उंचीवर धरतो ती, आणि काळी पाच, काळी तीन ही पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून पडलेली तिची नावे. काळी पाच ते काळी तीन म्हणजे चार अर्धस्वरांचे अंतर. मूळ गायिकेच्या पट्टीतला ट्रॅक ताई जसाच्या तसा वापरत होत्या. खालचे धृपद निभत होते, पण अंतरा तार सप्तकात शिरला की गळा ताणला जाई, श्वास ओळीच्या आधी संपे आणि सूर कणभर खाली राही. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गळा थकलेला असल्यामुळे तिथे तो अधिकच उतरे. कराओकेच्या अॅपमध्ये पट्टी खाली आणायला एक बटण पुरते.

मला वाटले, प्रश्न सुटला. पण ताई पुढच्या भेटीला अधिकच उदास होऊन आल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या. “शाळेत मी काळी पाचमध्येच गायचे,” त्या अखेर म्हणाल्या. “पट्टी उतरवायची म्हणजे...” वाक्य त्यांनी पुरे केले नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीचा आवाज काहीसा खाली उतरतो, वरचे स्वर पूर्वीसारखे सहज लागत नाहीत. ही शरीराची रीत आहे, यात रियाजाची कसूर नाही, हे मी सांगितले. त्यांना ते ठाऊक नव्हते असेही नाही. त्या दिवशी मात्र गाण्याच्या सुधारणेवर आम्ही एक शब्दही बोललो नाही. स्नेहसंमेलनातली ती मुलगी, तिचा तो चढा आवाज, तेव्हा पहिल्या रांगेत बसून ऐकणारे आणि आता हयात नसलेले वडील, यांविषयी त्या तासभर बोलल्या. प्रामाणिक मत पेलत नाही असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा त्या मताच्या मागे असे काहीतरी उभे असते. ते बोलून झाल्याशिवाय अगदी साधी सूचनाही आत उतरत नाही. अशा वेळी ‘टीका सकारात्मक घ्या’ हा सल्ला मला फार निर्दय वाटतो.

पुढचे चार महिने पहाटे खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, अर्धा तास पलटे, म्हणजे स्वरांच्या ठरावीक रचनांचा सराव, आणि आठवड्यातून एकदा बाईंकडे भूप राग, असा क्रम चालला. वहीत त्या तारीख टाकून तीनच गोष्टी लिहीत: सूर कुठे सुटला, श्वास कुठे तुटला, शब्द कुठे गिळला गेला. सगळे सुधारले नाही. द्रुत लयीच्या गाण्यात त्या अजून मात्रेच्या पुढे पळतात आणि बाईंनी तशी गाणी तूर्त बाजूला ठेवायला सांगितली आहेत. मधे एकदा त्यांनी मला विचारले की केवळ आनंदासाठी गायले तर चालणार नाही का. नक्कीच चालेल, आणि मग ‘कसं झालं?’ हे विचारायचीही गरज नाही, असे मी म्हणाले. यावर विचार करून त्यांनी शिकण्याची बाजू निवडली.

पुढच्या कोजागरीला त्या तेच भावगीत काळी तीनमध्ये गायल्या. मी तिथे नव्हते. आठवड्याने त्या आल्या, तेव्हा पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर पसरला. यजमानांच्या पेन्सिलीच्या पाच बरोबरच्या खुणा होत्या, दुसऱ्या अंतऱ्यावर एक आणि ती दोनदा गिरवलेली. धृपदाच्या शेवटच्या शब्दाभोवती एक गोल होता.

“‘चांदणं’ म्हणताना अनुस्वार खाल्ला म्हणे मी,” ताई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी तिथेच, खुर्चीत सरसावून, पुन्हा एकदा म्हणून दाखवला.