तिच्या तक्रारीपुढे वेळ लिही

चि. डॉक्टर,

अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी तुझी मॅच, म्हणजे निवड, झाल्याची बातमी तुझ्या आईने पेढ्यांच्या फोटोसकट पाठवली. १ जुलैपासून शिकागोत स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची रेसिडेन्सी! थंडीचा कोट कुठला घ्यायचा ते तुला दहा जण सांगतील, मी सांगत नाही. फोनवर तू विचारलंस ना, ‘मावशी, अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांची बाळंतपणं इतकी का बिघडतात? जनुकांतच काही असतं का?’, त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

जनुकांत नसतं. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, पुरावा बघ.

आधी आकडे. अमेरिकेत शंभरातली सुमारे दहा बाळं ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मतात. गोऱ्या आयांत हे प्रमाण साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आहे, कृष्णवर्णीय आयांत साडेचौदाच्या वर. मातामृत्यूंतली तफावत तर याहून भयंकर. २०२३ साली दर लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या माता दगावल्या १४.५, कृष्णवर्णीय ५०.३. कोविड ओसरल्यावर देशाचा एकूण आकडा उतरला, पण आदल्या वर्षी ४९.५ वर असलेला कृष्णवर्णीयांचा आकडा तिथेच अडकून बसला. आपल्या महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ होता. मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे काटेकोर तुलना करू नकोस. तरी जगात आरोग्यावर सर्वांत जास्त पैसा ओतणाऱ्या देशातली ही गत आहे, हे विसरू नकोस.

आता जनुकांचं. तू जिथे येते आहेस त्याच इलिनॉय राज्यातले १९८० ते १९९५ चे जन्मदाखले रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन नवजातशिशुतज्ज्ञांनी काढून तपासले. त्यांनी आयांचे तीन गट केले: इथे जन्मलेल्या गोऱ्या, इथे जन्मलेल्या कृष्णवर्णीय, आणि आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या कृष्णवर्णीय. दोष रक्तात असता तर आफ्रिकेतून आलेल्यांची बाळं सर्वांत हलकी निघायला हवी होती, कारण इथल्या कृष्णवर्णीयांत पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांचं रक्त मिसळलेलं आहे. निघालं भलतंच. गोऱ्यांच्या बाळांचं सरासरी वजन ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेतून आलेल्यांच्या बाळांचं ३३३३, आणि इथेच जन्मलेल्या कृष्णवर्णीयांच्या बाळांचं ३०८९. हे १९९७ साली छापून आलं. पुढे त्यांनी याच स्थलांतरितांच्या लेकींची बाळंतपणं तपासली. युरोपातून आलेल्यांच्या घरात पिढीगणिक बाळाचं वजन वाढलं होतं, आफ्रिका आणि कॅरिबियनमधून आलेल्यांच्या घरात ते घसरलं होतं. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत, बाईला मिळणारी वागणूक मात्र बदलते.

‘मग गरिबी असेल’, हा पुढचा प्रश्न ठरलेला. गरिबी आहेच. पण कॅलिफोर्नियातल्या लाखो जन्मांचा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय आयांची बाळं सर्वांत गरीब गोऱ्या आयांच्या बाळांपेक्षाही वाईट अवस्थेत निघाली. अर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ मध्येच म्हटलं होतं की रोजचा अपमान, रोजची सावधगिरी यांनी शरीर वेळेआधी झिजतं, म्हणून या बायकांचा धोका वयाबरोबर भराभर वाढत जातो. पटतं मला. फक्त या सिद्धांताचा एक तोटा मी पाहिलाय: ‘समाजच तसा, आपण काय करणार’ असं म्हणून डॉक्टर मोकळे होतात. तू मोकळी होऊ नकोस. बाई तुझ्या मजल्यावर आल्यानंतर जे घडतं, ते समाजाच्या नव्हे, तुझ्या हातात असतं.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं उदाहरण तुला ठाऊक असेल. २०१७ मध्ये सिझेरियन झालं आणि दुसऱ्या दिवशी दम लागला. फुप्फुसात गुठळ्या होण्याचा त्रास तिला आधी होऊन गेला होता, म्हणून तिने नर्सला स्वतःच सांगितलं, सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारं हेपारिन लावा. नर्सला वाटलं, वेदनाशामकांनी ही गोंधळली आहे. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही सापडलं नाही, मग सीटी झाला आणि गुठळ्या दिसल्या. त्याच वर्षी जानेवारीत अटलांटात शॅलन अर्व्हिंग गेली. वय ३६, देशाच्या रोगनियंत्रण संस्थेत साथरोगतज्ज्ञ, आणि संशोधनाचा विषय नेमका हाच, विषमतेने आरोग्य कसं बिघडतं हा. बाळंतपणानंतर त्रास होतोय म्हणून ती पुन्हा पुन्हा दाखवायला गेली होती. बाळ तीन आठवड्यांचं होतं. शिक्षण, विमा, ओळखी, सगळं होतं तिच्यापाशी.

या दोन्ही बायका बोलल्या होत्या, वेळेवर बोलल्या होत्या. म्हणून माझं तुला मुख्य सांगणं हे की तक्रार आणि उपचार यांच्यामधला वेळ मोज. पहाटे तीनला नर्सचा फोन येईल, ‘सात नंबरची डोकं दुखतंय म्हणते, जरा पॅनिक करतेय.’ अशा वेळी उठून जा. योग्य मापाचा पट्टा बांधून बीपी घे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच येतो. १६०/११० किंवा वर असेल तर पंधरा मिनिटांत पुन्हा घे, आणि तेवढंच राहिलं तर तासाच्या आत लॅबेटॅलॉल, हायड्रॅलझिन किंवा निफेडिपिन यांपैकी बीपी उतरवणारं एक औषध पोटात किंवा शिरेत गेलंच पाहिजे. ती कधी बोलली, बीपी कधी घेतलं, डॉक्टर कधी पोचला, औषध कधी गेलं, या चारही वेळा कागदावर आल्या पाहिजेत. काळी-गोरी न बघता प्रत्येकीच्या. मग काही महिन्यांनी वंशानुसार वेगळ्या काढून विभागाच्या बैठकीत मांड. ‘आमच्याकडे भेदभाव होत नाही’ असं म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नकोस, तक्ता दाखव.

मोजण्याने फरक पडतो हे कॅलिफोर्नियाने दाखवलंय. २००६ नंतर तिथल्या रुग्णालयांनी एकत्र येऊन रक्तस्राव थांबवायच्या औषध-साहित्याने भरलेली ढकलगाडी प्रत्येक मजल्यावर ठेवली आणि रक्त नजरेने अंदाजायचं सोडून भिजलेले पॅड वजनकाट्यावर टाकायला सुरुवात केली, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. सात वर्षांत तिथला मातामृत्यूदर निम्म्याहून खाली आला. गोऱ्या-काळ्यांतली दरी तेवढ्याने बुजली नाही, हेही खरं. पण रक्तस्रावापुरती ती थोडी आक्रसली, कारण काट्याला रंग दिसत नाही.

संगणकात वंशाचा एक रकाना असतो, त्याकडे डोळे उघडे ठेवून बघ. पूर्वी सिझेरियननंतर नैसर्गिक बाळंतपण जमेल का हे सांगणारं एक गणित होतं. बाई कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक असली की ते यशाची शक्यता आपोआप कमी दाखवायचं. २०२१ मध्ये तो भाग काढून टाकला. गरोदरपणातला धोकादायक रक्तदाब (प्रीएक्लॅम्पसिया) टाळण्यासाठी द्यायच्या ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शनात मात्र वंशाचा उल्लेख आहे, आणि कारण सामाजिक आहे, जैविक नव्हे, हेही तिथेच लिहिलंय. एका ठिकाणी रकान्याने बाईची संधी काढून घेतली, दुसऱ्या ठिकाणी औषध दिलं. ते अ‍ॅस्पिरिन शक्यतो सोळाव्या आठवड्याआधी सुरू व्हावं लागतं. विसाव्या आठवड्यात पहिल्यांदा आलेल्या बाईला ‘उशीर का केलास’ म्हणून झापण्याऐवजी तिथल्या तिथे सुरू कर.

आणि आपल्या लोकांबद्दल. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी प्लेटमधला मोदक फोडत म्हणेल, ‘अगं, त्यांच्यात असतंच ते.’ सरकारी सेवेच्या बाँडच्या वर्षी नंदुरबारकडच्या धडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आदिवासी बायकांबद्दल तू हे वाक्य ऐकलंच असशील. त्या गृहस्थांना सांग की कॅलिफोर्नियातल्या भारतात जन्मलेल्या आया शिकलेल्या, वेळेवर तपासण्या करणाऱ्या, तरी त्यांच्यात कमी वजनाची बाळं गोऱ्यांपेक्षा जास्त निघतात. तिथे ‘आमच्यात असतंच ते’ म्हणून ते गप्प बसतील का?

शेवटचं, माझ्या मजल्यावरून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून. सव्वीस आठवड्यांचं, जेमतेम आठशे ग्रॅमचं बाळ काचेच्या पेटीत असतं. त्याच्या ऑक्सिजनचा, लघवीचा, दुधाच्या एकेका मिलिलिटरचा हिशेब आम्ही ठेवतो. शेजारी खुर्चीत त्याची आई. पाय इतके सुजलेले की सपाता टाचेखाली दुमडलेल्या, बोटातली अंगठी काढून गळ्यातल्या साखळीत अडकवलेली. डिस्चार्ज झालेला, म्हणजे ती आता कुणाचीच पेशंट नाही. गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक बाळंतपणानंतर एक आठवडा उलटल्यापासून वर्षभरात होतात, आणि त्यातले बहुतेक टाळता येण्यासारखे असतात. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, बाळंतपणानंतर पूर्वी साठ दिवसांत संपायचं, आता बहुतेक राज्यांत वर्षभर चालतं, तेव्हा ‘विमा संपला असेल’ ही सबबही उरलेली नाही. आमच्या युनिटमध्ये हल्ली आयांसाठी बीपीचं वेगळं यंत्र ठेवलंय. चढा आकडा दिसला की आमच्या नर्सेस प्रसूती विभागाला फोन करतात, आणि बऱ्याचदा उत्तर येतं, ‘ओपीडीत पाठवा.’

तू ज्या रुग्णालयात जाशील तिथे आधी हे विचारून घे की असा फोन कुणी उचलायचा. कुणाचंच नाव ठरलेलं नसेल तर पहिल्या वर्षी तुझं लावून घे. रात्रपाळ्या वाढतील, आईला सांगू नकोस मी सुचवलं म्हणून.

तुझी,
मावशी