प्रश्न औषधांचा, पण काळजी नाशिकच्या एफडीची

लेस्टरहून एका ताईंचं पत्र आलंय. दोन मुलं, दुकानात अर्धवेळ नोकरी, पगार साधारण ९०० पौंड, वर युनिव्हर्सल क्रेडिटचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणाऱ्या ब्रिटनच्या सरकारी मदतीचे, ८००. मालक आठवड्याला चार तास वाढवून देतोय. पण पगार ९३५ च्या वर गेला की मोफत प्रिस्क्रिप्शन जातं, म्हणून नाही म्हणू का, असं त्या विचारतात. मधुमेहाच्या गोळ्या धरून तीन औषधं चालू आहेत.

ताई, तास घ्या. महिन्याला २०० च्या वर येतील. क्रेडिटमधून पौंडामागे ५५ पेन्स कापले तरी नव्वदेक उरतात. औषधं नगाला ९.९० ने महिन्याची ३० होतात, वर्षभराच्या औषधांचे पैसे आगाऊ भरायचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट ११४.५०, म्हणजे महिना दहाच्या आत. तुम्हाला तेही लागणार नाही. मधुमेहावर गोळ्या घेणाऱ्याला इंग्लंडात मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिळतं, पगार कितीही असो. त्यावर पाच वर्षं सगळीच औषधं मोफत. जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, त्यासाठीचा एफपी९२ए फॉर्म मागा.

पत्राच्या शेवटची ओळ वाचून मात्र धस्स झालं. वडिलांच्या घराच्या वाट्याचे २२ लाख दीड वर्षापासून नाशिकला एफडीत आहेत. ‘इंडियातले पैसे इकडे दाखवायचे नसतात’ असं एका ओळखीच्या सल्लागाराने सांगितलं, आणि तोच आता एफडी मोडून पॉलिसी घ्या म्हणतोय.

हे साफ चूक आहे. तुमची बचत कुठल्याही देशात असो, ती मोजली जाते. ६,००० पौंडांपर्यंत सोडतात, पुढे दर २५० मागे महिना ४.३५ कापतात, १६,००० ओलांडले की क्रेडिटचा हक्कच संपतो. १२० रुपयांचा पौंड धरला तरी तुमचे १८,००० होतात. अठरा महिन्यांचे ८०० म्हणजे १४,००० च्या वर रक्कम परत मागितली जाऊ शकते. क्रेडिटच्या आधारावर घेतलेली मोफत औषधंही मग बिनहक्काची ठरतात, त्यांचा दंड १०० पौंडांपर्यंत असतो, तो वेगळा. खात्यांची माहिती दोन्ही देश २०१७ पासून एकमेकांना देतात.

पॉलिसीला हात लावू नका! युलिप, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, असेल तर पैसे पाच वर्षं अडकतील, कमिशन त्याला मिळेल. क्रेडिट टिकवण्यासाठी पैसे मुद्दाम हलवले असं दिसलं, तर ते तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशोब होतो. भावाच्या नावावर केले तरी तेच.

याच आठवड्यात एफडीची पावती घेऊन सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत जा, तिथे फी नसते. मग क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये रक्कम आणि तारीख स्वतःहून लिहा. त्यांनी पकडण्याआधी तुम्ही सांगणं फार वेगळं पडतं. एफडीतून हे देणं फेडलं तर पैसे मुद्दाम हलवले असं धरत नाहीत. फेडून १६,००० च्या आत उरले, तर नव्याने अर्ज करता येईल; ६,००० च्या आत उरले तर बचतीपोटी काही कापणारही नाहीत.

मालकाला मात्र आजच होकार द्या. क्रेडिट थांबलं की त्या चार तासांचे नव्वद नाही, जवळजवळ पूर्ण २०० पौंड घरात येतील.