फॉइलच्या पुडीत भांडं भाजतं का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी घरीच हाताने छोट्या वाट्या, फुलदाण्या वगैरे बनवते. माझ्याकडे भट्टी नाहीये आणि ओळखीत पण कोणाकडे नाही. एका व्हिडिओत बघितलं की भांड्याभोवती लाकडाचा भुसा लावला, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं आणि भाजलं की मस्त काळे-करडे ढगांसारखे डाग येतात. हेच मी किचनच्या ओव्हनमध्ये २५० डिग्रीला केलं तर चालेल ना? हवं तर दिवसभर ठेवते.

उत्तर: नाही हो, दिवसभर काय, आठवडाभर ठेवलंत तरी नाही चालणार, कारण इथे प्रश्न वेळेचा नाहीच, आचेचा आहे. मातीत दोन तऱ्हेचं पाणी असतं, एक आपण मळताना घातलेलं, ते १०० डिग्रीच्या आसपास उडून जातं, आणि दुसरं मातीच्या कणांतच रासायनिक रीतीने अडकलेलं, ते साधारण ४५० ते ६०० डिग्रीच्या मध्ये सुटतं, आणि ते एकदा गेलं की मगच माती परत चिखल होत नाही. ओव्हनमधून काढलेली वाटी हाताला कडक लागेल, तुम्हाला वाटेल झालं काम, पण पाण्यात सोडून बघा, आधी कडेने बुडबुडे येतात, मग काठ ढासळतो आणि थोड्या वेळात तळाला नुसता गाळ. शिवाय घरात भुसा धुमसवायचा म्हणजे धूर आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास, त्यामुळे ओव्हन, गॅस, बंद बाल्कनी हे सगळं डोक्यातून काढून टाका.

अशा व्हिडिओत एक गोष्ट बऱ्याचदा घाईत निसटते, ती म्हणजे ती भांडी आधीच एकदा भाजलेली असतात, भट्टीत ९०० ते १००० डिग्रीला, ज्याला बिस्क म्हणतात. फॉइलचं काम भाजायचं नाहीच मुळात, धूर भांड्याला लगटून कोंडून ठेवायचा एवढंच. भुशाला हवा मिळाली नाही की तो धड पेटत नाही, नुसता धुमसत राहतो, आणि त्यातला कार्बन भांड्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो, तोच तो काळा रंग. युक्ती तशी जुनीच आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या सान इल्देफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ या कुंभार बाईंची काळी कुळकुळीत भांडी जगभर गाजली, तिथे फॉइलबिइल काही नव्हतं, आगीवर लिदीचा चुरा टाकून ती दडपायची, बस.

तुमच्याकडे भट्टी नाही ना, मग फॉइल सध्या बाजूला ठेवा आणि सरळ भुशाची भट्टी लावा, उघड्यावर, घरापासून लांब, वारा नसेल तेव्हा. विटा कोरड्याच रचून चौकोन करा, फटी थोड्या राहू देत. खाली वीतभर कोरडा भुसा, त्यावर भांडी, भांड्यांच्या पोटातही भुसा दाबून भरायचा, दोन भांड्यांमध्ये तीन-चार बोटं अंतर, परत भुसा, परत भांडी. जड भांडी खाली ठेवा कारण भुसा जळत गेला की वरचा थर खाली बसतो आणि वरची फुलदाणी खालच्या वाटीवर येऊन आपटते, निम्मे तडे तिथेच जातात. पेटवायचं वरून, खालून नाही! वर कागद-काटक्या पेटवून भुशाने धग धरली की पत्रा झाका, थोडी फट ठेवून. मग रात्रभर आपोआप धुमसत खाली उतरतं, मध्येच काडी घालून ढोसायचं नाही आणि राख पूर्ण गार झाल्याशिवाय भांड्याला हात लावायचा नाही. ६००-७०० च्या आसपास आच मिळाली तर माती पक्की होते, पण सगळीकडे सारखी मिळेलच असं नाही, त्यामुळे कच्ची भांडी लावणार असाल तर माती वाळू मिसळलेली घ्या, भिंती जाड ठेवू नका, आणि आधी उन्हात खडखडीत वाळवा. काही फुटतील, ते धरूनच चला.

प्रश्न: माझी भांडी बिस्क केलेली आहेत. भुसा आणि मीठ घालून फॉइलमध्ये गुंडाळली आणि कोळशात ठेवली, तर अर्ध्या भागावर पांढरे डाग आले आणि काही ठिकाणी फॉइलच चिकटून बसली. काय चुकलं?

उत्तर: आच जास्त झाली. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, आणि कोळशाला वारा लागला की तो तेवढं सहज गाठतो. फॉइलला भोक पडलं की आत हवा गेली, आणि आधी बसलेला कार्बन पुन्हा जळून गेला, म्हणून ते पांढरं. जाड फॉइल घ्या, दोन-तीन पदर, आणि आत भुसा बोटभर जाडीचा सगळीकडून हवा, नुसता भुरभुरवून भागत नाही. निखारे भांड्यावर ढीग करू नका, आजूबाजूला लावा. चिकटलेले कपटे पाण्याखाली लाकडी काडीने निघतात, मण्यासारखे थेंब झाले असतील तर बारीक सँडपेपर.

मीठ ठीक आहे, लोह असलेल्या मातीवर केशरी झाक येते. तांब्याची तार गुंडाळली तर रेघा उमटतात, केळीची साल वाळवून ठेवली तरी गमतीशीर डाग येतात. पण फेरिक क्लोराइड किंवा मोरचूद घालायला सुरुवातीला जाऊच नका, फेरिक क्लोराइड तापलं की निघणारी वाफ फुप्फुसाला जाळते, योग्य मास्कशिवाय ते काम नाही. माझं मत विचाराल तर नुसत्या भुशाचे काळे-करडे डागच सगळ्यात देखणे दिसतात, आणि भांडं अर्धवट वाळलेलं असताना चमच्याच्या पाठीने घोटलं असेल तर विचारायलाच नको. फक्त बिस्क १००० च्या वर नेऊ नका, घोटून आलेली चमक जाते आणि छिद्रंही कमी होतात.

प्रश्न: भुसा कुठलाही चालतो का?

उत्तर: साध्या लाकडाचा, कोरडा. प्लायवूड, एमडीएफचा नको, त्यात गोंद असतो आणि त्याचा धूर वाईट, रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूडही नको. बारीक भुसा दाबून बसतो, सावकाश जळतो आणि गडद रंग देतो, रंधा मारलेल्या जाड सालपटांनी भडका उडतो आणि डाग विस्कटलेले येतात, दोन्ही मिसळून बघा. आणि पेटलेल्या आगीवर मुठीने बारीक भुसा उधळायचा नाही, तो हवेतच भपकन पेट घेतो. झिंकचा मुलामा दिलेली बादली पण भट्टी म्हणून वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो.

प्रश्न: अशा वाटीत चहा प्यायला चालेल का?

उत्तर: नाही. ती पाझरते, आणि छिद्रांत राहिलेलं धुऊन निघत नाही. फुलदाणीत पाणी ठेवायचं असेल तर आत काचेची बाटली बसवा, बाहेरून मेणाचा हात द्या.