मुंबईत वन रूम किचनमध्ये राहून घरच्या घरी स्पा कसा करता येईल?

तुम्ही चेहरा, केस, पाय असं सगळंच विचारलंय आणि 'बाथटब नाही, घरात पाच माणसं' असंही लिहिलंय. बाथटब हवाय कोणाला? केसांचं मला विचारू नका, उरलेत किती! पायांचं मात्र छातीठोक सांगतो.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, बराच काळ डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर. ड्रायव्हरने ब्रेक मारला की तळव्यांनी जमीन धरायची आणि हातांनी सुट्टे मोजायचे. त्या जुन्या लाल गाड्या २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाल्या, माझे गुडघे त्याच्या आधीच. त्यामुळे रविवारी जेवणं आटोपली की मी मोरीच्या कट्ट्यावर पाय बुडवून बसतो. हे वडिलांकडून आलं. ते लालबागला गिरणीत, साचाखात्यात होते. पाळी संपवून आले की कोमट पाण्याचं घमेलं, मूठभर मीठ आणि नंतर खोबरेल. याला चाळीत कुणी नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं ते आमच्या मेहुण्यांनी: 'बायकी थेरं'. दर सणाला, चारचौघांत.

आणि हेच मेहुणे आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला स्पाचं व्हाउचर घेऊन आले! लोअर परळचा मॉल, गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला. मंद दिवे, बासरी, मुलगी कुजबुजत बोलणार. पितळेच्या घंगाळात कोमट पाणी, मीठ, गुलाबाच्या पाकळ्या, मग तेल. बाहेर आल्यावर मेहुणे म्हणाले, "काय भावोजी, फरक वाटला ना?" मी म्हटलं, "वाटला. पाकळ्यांचा." ही अजून त्यावरून माझ्याशी भांडते, की माझ्या भावाने प्रेमाने दिलं होतं. प्रेमाबद्दल तक्रार नाहीच. पण जे घरी केलं तर बायकी, ते पैसे मोजल्यावर 'वेलनेस' कसं होतं, याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

असो. टब, मीठ, वजरी, खोबरेल, जुना पंचा. एवढंच. पंधरा-वीस मिनिटांच्या वर भिजू नका, कातडी उलट कोरडी पडते. वजरी हलक्या हाताने फिरवा, पाय टिपा आणि ओलसर असतानाच तेल लावा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते कातडीतून अंगात मुरतं याला धड पुरावा नाही. पाय हलके होतात ते कोमट पाण्याने आणि बसून राहिल्याने. काशाची वाटी असेल तर तुपाने तळवे जरूर घासा, झोप छान लागते. तळवा काळा होतो ती 'बाहेर पडलेली उष्णता' नव्हे, काशाचाच काळेपणा आहे.

चेहऱ्याला दिवाळीचं उरलेलं उटणं दुधात कालवून लावा. जोरात चोळू नका. लिंबू अजिबात नको. लिंबू लावून उन्हात गेलात तर डाग पडतात, भाजतंसुद्धा. पिंपल्स असतील तर खोबरेल पायांपुरतंच ठेवा.

पाच माणसांच्या घरात खरी अडचण सामानाची नसते, मोरी अडवण्याची असते. पाणी जाण्याआधी एक बादली बाजूला भरून ठेवा आणि सगळे दुपारी लवंडले की बसा. मोबाईल दुसऱ्या खोलीत, म्हणजे तुमच्याकडे स्वयंपाकघरात. कुणी हसलं तर हसू द्या. हसणाऱ्यांचे पाय बघा एकदा.

हे आधी लिहायला हवं होतं: गॅस गीझर लावून दार-खिडकी बंद करून बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं आत बेशुद्ध पडतात आणि बाहेर पत्ता लागत नाही. मेणबत्त्यांचं खूळही बंद मोरीत नको. टाच रक्त येईपर्यंत फुटली असेल तर मीठ टाळा आणि डॉक्टरला दाखवा.

आणि शुगर असेल तर पाय भिजत ठेवूच नका. संवेदना कमी झाली की भाजलेलं कळत नाही. पाणी कोपराने तपासा, पाय नुसते धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, वजरी लावू नका. मेहुण्यांना शुगर आहे आणि हल्ली तेही घरी टब घेऊन बसतात असं हिच्याकडून कळलं. मी सांगितलं तर ऐकायचे नाहीत, म्हणून इथे लिहितोय.