वाचकांचे प्रश्न : शेणखताच्या दलालीले लायसन लागते का?

प्रश्न : आमचं गाव कळमेश्वर तालुक्यात. धंदा शेणखताचा, म्हणजे माझी स्वतःची एकही म्हैस नाही, वाडी-हिंगण्याकडच्या गोठ्यांवरून शेण उचलायचं, ओळखीच्या पोल्ट्रीवाल्यांचं कोंबडीखत घ्यायचं आन काटोल-नरखेडच्या संत्रावाल्यांकडे पोचवायचं, मधात माझं कमिशन. भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नोकरीले आहे, तो म्हणे मामा, इथे खताच्या दलालाले सर्टिफिकेट लागते, परीक्षा द्या लागते. मले वाटलं फेकून राहिला. खरं आहे का हे? आन इथे मले काही काढा लागते का?
(एक वाचक, कळमेश्वर)

उत्तर : भाऊ, भाचा खरं बोलतोय. पेनसिल्व्हेनियात 2004 साली खास याच धंद्याचा कायदा झाला. पैसे घेऊन दुसऱ्याचं खत वाहणारा किंवा शेतात टाकणारा, आणि तुमच्यासारखा मधला माणूस, म्हणजे एका फार्मवरचं खत आपल्या ताब्यात घेऊन दुसऱ्या शेतात ते पोचवायची आणि वापरायची व्यवस्था करणारा, दोघांनाही तिथल्या कृषी खात्याचं सर्टिफिकेट लागतं. वाहणाऱ्यांचे 3 स्तर आणि दलालांचे 2. दलालांमधला वरच्या स्तराचा माणूस ताळेबंदाचा कागद करतो, म्हणजे घेणाऱ्याची जमीन किती, पीक कोणतं, त्याला नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) किती लागणार आणि या खतात आहे किती. खत कुठून निघालं, कुठे गेलं याची नोंद ठेवावी लागते. खत टाकताना ओढ्यापासून 100 फूट लांब राहायचं, काठाला झाडोऱ्याचा कायमचा पट्टा राखला असेल तर 35 फूट चालतं, विहिरीपासूनही 100 फूट.

हे सगळं कशापायी? तिकडे, विशेषतः लँकेस्टर काउंटीच्या बाजूला, गाई-कोंबड्या एवढ्या दाटीने आहेत की आसपासच्या जमिनीला पेलवेल त्यापेक्षा खत जास्त होतं, ते पावसाने वाहून सस्क्वेहाना नदीत आणि तिथून चेसापीकच्या खाडीत जातं, मग तिथे शेवाळ माजतं आणि मासे मरतात. म्हणजे तिथलं दुखणं खत उरण्याचं. आपल्याकडे उलटं, खत मिळत नाही म्हणून लोक रांगेत. त्यामुळे आपल्या कायद्याने ट्रॉलीकडे बघितलंच नाही, त्याचं लक्ष गोणीवर.

तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं की सुटं शेणखत ट्रॉलीने एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे नेऊन देणाऱ्या दलालासाठी पेनसिल्व्हेनियासारखी परीक्षा-सर्टिफिकेटची पद्धत आपल्याकडे नाही. पण उद्या तुम्हीच तेच शेण कुजवून, चाळून, गोणीत भरून त्यावर 'सेंद्रिय खत' नाहीतर 'गांडूळखत' छापून विकायला लागलात तर गोष्ट बदलली, तिथे 1985 चा खत नियंत्रण आदेश लागतो, सेंद्रिय खतं त्यात 2006 साली आली. मग कृषी विभागाचं अधिकारपत्र पाहिजे आणि माल ठरलेल्या मापात बसला पाहिजे, उदाहरणार्थ गांडूळखतात ओलावा 15 ते 25 टक्के आणि सेंद्रिय कर्ब कमीत कमी 18 टक्के. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आहे, म्हणजे नमुना फेल गेला तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. जीएसटीचंही तसंच, सुट्या शेणखतावर काही नाही, ब्रँड लावून पॅकिंग केलं की 5 टक्के.

आता माझं मत. कायदा मागत नाही म्हणून तुम्ही कागद ठेवू नये असं थोडीच आहे! एक साधं डुप्लिकेट बुक घ्या, प्रत्येक ट्रॉलीमागे गोठा कोणता, जनावर कोणतं, शेण किती महिन्यांचं, कोणाकडे उतरवलं एवढं लिहा आणि एक प्रत बागवाल्याला द्या. कोंबडीखत असेल तर ते ठळक लिहा, कारण शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि कोंबडीखतात 3 टक्क्यांच्या, शेणखत समजून कोणी झाडाच्या बुडाशी तेवढंच ओतलं तर मुळं जळतात आणि शिव्या तुम्हाला पडतात. धंदा तसाही नावावरच चालतो ना.

प्रश्न : आंबिया बहाराआधी संत्र्याला टाकायला एका दलालाकडून शेणखताच्या ट्रॉल्या घेतल्या. पावसाळ्यात बागेत गाजरगवतच गाजरगवत, आणि आळ्यात खणलं तर हुमणीच्या पांढऱ्या अळ्या. आता तो फोन उचलत नाही. तक्रार कुठे करू?
(एक बागायतदार, नरखेड)

उत्तर : खरं सांगू का, बिल नसेल तर अवघडच आहे. गोणीतला माल असता तर तालुक्याच्या खत निरीक्षकाकडे जाऊन नमुना घ्यायला लावता आला असता. सुट्या मालाला जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण तिथे विकणारा कोण आणि काय सांगून विकलं ते दाखवावं लागतं. फोनपे केलं असेल तर ती नोंद आणि व्हॉट्सॅपवरचं बोलणं जपून ठेवा, डिलीट नका करू.

झालं काय तर तुम्हाला कच्चं शेण मिळालं. ढीग नीट तापला की गवताचं बी आणि हुमणीची अंडी बऱ्यापैकी मरतात, न तापलेल्यात सगळं जिवंत राहतं, शिवाय अर्धवट कुजलेल्या ढिगात हुमणीचे भुंगेरे अंडी घालायला येतातच. पुढच्या वेळी ट्रॉली रिकामी करायच्या आधी एवढं करा. लोखंडी सब्बल खताच्या मध्यापर्यंत खुपसा, 10 मिनिटांनी काढून हात लावा, चटका बसला तर माल अजून कुजतोय. मग मूठभर खत दाबून बघा, बोटांतून पाणी गळलं तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय, ताज्या शेणात 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आणि वास घ्या, चांगल्या खताला मातीचा वास येतो, नाकात झोंबणारा अमोनिया नाही. मोठ्या झाडाला 50 किलोपर्यंत शेणखत द्यायचं म्हणजे बागेला ट्रॉल्याच्या ट्रॉल्या लागतात, एवढ्या खर्चात 10 मिनिटं थांबायला काय जातंय?

प्रश्न : घरच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने भाड्याने शेणखत वाहतो. रस्त्यात अडवतात. चूक कोणाची?
(एक वाचक, हिंगणा)

उत्तर : तुमची. शेतीसाठी नोंदवलेली ट्रॉली घरचं खत घरच्या शेतात न्यायला आहे, भाड्याने दुसऱ्याचा माल वाहणं हा व्यवसाय झाला, त्याला तशी नोंदणी आणि विमा पाहिजे, नाहीतर अपघातात विमा कंपनी क्लेम अडवते. ट्रॉलीला फळ्या लावून उंच भरायची सवयही सोडा, 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20 हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार आहे. ताडपत्री मात्र आजच घ्या, अमरावती रोडवर तुमच्या मागे गाडी चालवणाऱ्यांच्या वतीने ही वेगळी विनंती.