फोल्डिंग चाकू पारखताना

स्टीलचं नाव नंतर बघ, आधी लॉक, म्हणजे उघडलेलं पातं जागी धरून ठेवणारी यंत्रणा, तपास. पातं पूर्ण उघड, धारेच्या वाटेत बोटं येऊ देऊ नकोस, आणि पात्याची पाठ चिमटीत धरून आधी आडवं, मग वर-खाली हलवून बघ. आडवी हालचाल बहुतेकदा पिव्हटचा, म्हणजे पातं ज्या खिळीवर फिरतं तिचा, स्क्रू किंचित आवळला की जाते. वर-खाली हलत असेल तर मात्र दोष लॉकमध्येच आहे. तो चाकू सरळ परत कर.

लायनर लॉक असेल, म्हणजे मुठीच्या आतल्या धातूच्या पत्र्याची (लायनरची) पट्टी पात्यामागे सरकून त्याला अडवत असेल, तर ती पट्टी पात्याच्या बुडाला कितपत टेकते ते उजेडात बघ. बुडाच्या रुंदीच्या साधारण ३० ते ५० टक्के टेकली तर उत्तम. जेमतेम कडेला टेकत असेल तर बोटांना धोका, आणि नव्यातच पलीकडच्या लायनरला भिडली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही.

बंद चाकूत पातं अगदी मधोमध हवं म्हणून नवखे अडून बसतात. माझ्या मते लायनरला घासत नसेल तर किंचित कललेलं चालतं. त्यापेक्षा धारेचा उतार बघ. तो दोन्ही बाजूंना सारखा रुंद हवा, विशेषतः टोकापाशी. घाईत लावलेली धार तिथेच उघडी पडते. मुठीच्या सांध्यांवरून नख फिरव, अडकता कामा नये.

पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कडकपणा, मात्र डोळ्यांना दिसत नाही. नीट पाणी दिलेलं १४सी२८एन हे साधं स्टेनलेस स्टील, पाणी बिघडलेल्या महागड्या पावडर स्टीलपेक्षा (धातूच्या भुकटीपासून बनवलेल्या स्टीलपेक्षा) केव्हाही सरस, म्हणून त्या मॉडेलच्या कडकपणाच्या चाचण्या कुणी केल्या असतील तर घेण्याआधी वाच.