ताटातून काही काढण्याआधी

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र मिळाले. बालविकास केंद्रात रुजू होऊन तीन महिने होत नाहीत तोच स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे पालक आठवड्यातून दोनदा तरी ‘गहू आणि दूध बंद करू का?’ असे विचारतात, आणि उत्तर देताना समोरच्या आईचा चेहरा पाहून तुझा आवाज बारीक होतो, असे तू लिहिले आहेस. आवाज बारीक होण्यात गैर काही नाही. मात्र उत्तर आधी पक्के करून घे.

या आहारामागची कल्पना कुठून आली हे तुला ठाऊक हवे, कारण पालकांनी ती तुझ्याआधी वाचलेली असते. स्वमग्नतेचा संबंध मेंदूतील अफूसदृश रसायनांशी असावा, असा तर्क मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी 1979 मध्ये मांडला. पुढे गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन ही प्रथिने अर्धवट पचून त्यांचे तसेच काम करणारे तुकडे आतड्यातून रक्तात उतरतात, अशी त्याला जोड मिळाली. 2002 मध्ये नॉर्वेत वीस मुलांवर झालेल्या प्रयोगात वर्षभर पथ्य पाळणाऱ्या मुलांमध्ये सुधारणा दिसली, पण कोणाच्या मुलाला पथ्य आहे हे घरच्यांना माहीत होते. ज्या अभ्यासांत ते पालकांपासूनही लपवले गेले, तिथे फरक विरून गेला. 2006 मध्ये अमेरिकेत पंधरा मुलांवर बारा आठवडे असा अभ्यास झाला. आकड्यांत काही निघाले नाही, तरी कित्येक पालकांना मूल सुधारल्यासारखे वाटले. 2016 मध्ये रॉचेस्टरला चौदा मुलांवर झालेल्या तशाच अभ्यासात वर्तन, झोप, शौच, कशातच फरक आढळला नाही. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असा आहार वापरू नये, असे उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2013 मध्येच सांगितले आहे.

हे पालकांना सांग, पण एवढ्यावर थांबू नकोस. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी थांबत असे, किंवा त्याहून वाईट म्हणजे छापील पथ्याचा कागद हातात ठेवून मोकळी होत असे. एक मुलगा पोळी, दही, वरणभात, केळे आणि एका ठरावीक पुड्यातले बिस्किट एवढेच खात होता, आणि हे मी विचारलेच नव्हते. कागदाप्रमाणे पाचातल्या तीन वस्तू गेल्या. दोन महिन्यांनी त्याचे वजन दोन किलोने उतरले होते आणि आईने ‘माझ्याच हातून चूक झाली का?’ असे विचारले, तेव्हा चूक कोणाची हे मला कळत होते.

म्हणून पहिल्या भेटीत पथ्याचा विषय बाजूला ठेव आणि सात दिवसांची नोंद मागव, रविवार धरून. मूल काय खाते याबरोबरच कसे खाते तेही लिहायला सांग: पोळीचा करपलेला डाग चालतो का, तुटलेले बिस्किट परत करते का, भाताला वरण लागलेले खपते का. खाण्याच्या अडचणी स्वमग्न मुलांमध्ये इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळतात, आणि फळे-भाज्या पूर्ण सुटलेल्या मुलांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाल्याच्या नोंदी आजच्या काळातल्या आहेत. लंगडणारे, हिरड्यांतून रक्त येणारे मूल आधी हाडांच्या डॉक्टरांकडे फिरून येते. वजन, उंची, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व पाहा. चालू औषधेही विचार. चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनने भूक वाढते, अतिचंचलतेसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटने मरते.

नोंदीत बऱ्याचदा दूधच दूध सापडेल. दिवसाला लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूक उरत नाही, लोह कमी पडते, मलावरोध होतो, आणि पोटात दुखते हे त्याला सांगता येत नसल्याने ते रात्री उठून डोके आपटते. अशा घरी दूध तोडले की शौच साफ होते, झोप लागते, मूल शांत होते, आणि पथ्याने ऑटिझम बरा होतो असे घर म्हणू लागते. त्या घराला खोटे पाडू नकोस. सुधारणा खरीच आहे, कारण मात्र मलावरोध सुटण्याचे आहे. आणि त्यासाठी दूध अर्ध्या लिटरच्या आत आणले तरी बहुधा पुरते. अलीकडे उंटिणीच्या दुधाची महागडी पाकिटे घेणारे पालकही भेटतील. त्या दुधातही केसीन असतेच, एवढे त्यांना सांगून ठेव.

तरीही काही कुटुंबे प्रयोग करणारच, आणि तुझ्या नजरेखाली केलेला बरा. गहू थांबवण्याआधी सिलिअॅकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी झालीच पाहिजे, कारण गहू सुटल्यावर ती फसवी ठरते. एका वेळी एकच वस्तू काढायची, त्या काळात नवी थेरपी किंवा औषध सुरू करायचे नाही, रात्री किती वेळा उठते यासारख्या मोजता येणाऱ्या दोन गोष्टी आधीच ठरवायच्या, शाळेतल्या बाईंना पथ्याबद्दल न सांगता त्यांचे मत घ्यायचे, आणि आठ-दहा आठवड्यांनी ती वस्तू पुन्हा देऊन पाहायची. ही शेवटची पायरी पालक गाळतात.

गव्हाच्या बाबतीत आपल्याकडे थोडी सोय आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही, त्यामुळे भाकरीवर वाढलेल्या मुलाच्या घरी फारसे बदलत नाही. पोळीवर वाढलेल्या मुलाला मात्र भाकरी हे परके अन्न आहे. त्याच्यासाठी आधी तांदळाच्या पिठाची पातळ, पोळीसारखी दिसणारी भाकरी कर, मग हळूहळू ज्वारी मिसळ. रवा आणि शेवया सगळ्यांना आठवतात, पण बांधानी हिंगात मिसळलेली कणीक नजरेतून सुटते. दूध काढणे जास्त धोक्याचे. 2008 मधील एका अमेरिकी अभ्यासात स्वमग्न मुलग्यांची हाडे पातळ आढळली, आणि केसीन टाळणाऱ्यांची आणखी. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते खरे, पण त्यातले सगळे अंगी लागत नाही आणि पाच वर्षांचे मूल शंभर ग्रॅम नाचणी खातही नाही, तेव्हा पूरक गोळी किंवा औषध डॉक्टरांना विचारून आधीच ठरव.

आजीलाही एकदा केंद्रात बोलाव. देवळातला पेढा चुकून दिला म्हणून सून आणि सासूत महिनाभर अबोला धरलेली घरे मी पाहिली आहेत.

ज्या साडेचार वर्षांच्या मुलाबद्दल तू विचारले आहेस, त्याची पोळी तूर्त चालू राहू दे. रक्ततपासणीचा निकाल आणि सात दिवसांची नोंद हाती आली की मला पाठव. दुधाचे पेले किती ते आधी मोजून ठेव.

तुझी,
मॅडम